टाकीचा पहिला दिवा

गाडीखाली उताणा सरकून, खालची पत्र्याची झडप उघडून मी मैल्याच्या टाकीवर मुठीनं ठोकलं. रिकाम्या डब्यावर ठोकावं तसा आवाज आला. जरा खाली ठोकलं, तोच आवाज. मानेखालचा बर्फ वितळून पाणी शर्टात उतरत होतं आणि नाकाला जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता.

"धनराज, काय म्हणते टाकी?" बाहेरून डॉक्टर हिर्लेकरांनी विचारलं. मला त्यांचे फक्त गमबूट दिसत होते.

"गोठली नाही, डॉक्टर."

"मग झालं तर!"

"झालं काय! आत काही नाहीच. गोठायला आत काहीतरी पाहिजे ना."

गमबूट एक पाऊल जवळ आले. मग म्हणाले, "असं कसं होईल?"

तेच मी स्वतःला विचारत होतो. टाकी शेवटची रिकामी केली त्याला चार दिवस झाले होते.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होऊन गेली. डिसेंबर होता. स्पितीच्या खोऱ्यात, बारा हजार फुटांवर, पंधरा घरांच्या एका गावाबाहेर आमची गाडी उभी होती. गाडी म्हणजे मोटारहोम, बसच्या सांगाड्यावर बांधलेलं फिरतं घर. आत पलंग, ओटा, डिझेलवर चालणारी शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात संडास. कोल्हापुरात आमच्या कारखान्यात आम्ही बसच्या बॉड्या बांधायचो. असली गाडी पहिल्यांदाच बांधली होती, आणि तिच्या टाक्या मी स्वतः बसवल्या होत्या. मालकांनी ड्रायव्हर आणि मेकॅनिक म्हणून मलाच सोबत धाडलं. वाटेत काही बिघडलं तर शिव्या खायला जबाबदार माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं.

गाडी बांधून घेतली होती डॉक्टरांनी. ते मिरजेचे, गुरांचे डॉक्टर, निवृत्त झालेले. पण गाडी त्यांच्यासाठी नव्हती, ती होती शरयूबाईंसाठी. शरयूबाई त्यांची पत्नी. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे अख्खं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. गोठलेल्या नद्यांची चित्रं फळ्यावर काढून काढून त्यांचे खडू झिजले, पण प्रत्यक्ष पाहिलं काही नव्हतं. कारण साधं होतं. त्यांना दर तासाला लघवीला जावं लागायचं. एसटी असो, रेल्वे असो, लग्नाचा हॉल असो, आधी तोच प्रश्न. त्यामुळे वीस वर्षांत बाई जयसिंगपूरच्या पुढं गेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी हे मला कारखान्यात पहिल्याच दिवशी काही आडपडदा न ठेवता सांगितलं.

"तिला एकदा गोठलेली नदी बघायचीय. संडास बरोबर नेता आला तर ती येईल. बाकी गाडी कशीही कर बाबा, पण टाकी गोठता कामा नये. टाकी गोठली की आमची सफर संपली."

टाकी गोठू नये म्हणून मी काय काय केलं होतं ते सांगायला मला अजून आवडतं. टाकी उघडी लोंबकळत न ठेवता पत्र्याच्या पेटीत बसवली आणि चारी बाजूंनी फोम भरला. टाकीच्या बुडाला पाटीएवढी एक रबरी गादी चिकटवली, तिच्या पोटात तारा. टाकीतलं पाणी पाच अंशांवर आलं की गादी आपोआप गरम व्हायला लागायची, पंधरावर गेलं की बंद. बाहेर जाणाऱ्या पाइपाला गरम होणारी पट्टी गुंडाळली. मैला सोडायचा व्हॉल्व्ह सगळ्यात आधी गोठतो आणि फुटतो, म्हणून तो पेटीच्या आत घेतला. शिवाय शेगडीच्या गरम हवेचं एक नळकांडं त्या पेटीत सोडलं, म्हणजे बॅटरीनं दगा दिला तरी टाकीला थोडी ऊब राहावी. संडासाच्या भिंतीवर चार हिरवे दिवे होते. टाकी भरत जाईल तसे ते खालून वर एकेक लागायचे. ओट्याच्या सांडपाण्याची टाकी वेगळी, तिचे दिवे वेगळे.

पथ्य एकच होतं. टाकी रिकामी असताना गादी चालू ठेवायची नाही. आत पाणी असलं की ऊब पाण्यात जाते. नसलं तर ती टाकीलाच भाजते.

चार दिवसांत एकही दिवा लागला नव्हता, आणि मी धरून चाललो होतो की दिवे बिघडलेत. टाकी मी बनवली होती, दिवे बाजारातले होते.

इथं माझंही थोडं सांगितलं पाहिजे. माझे आजोबा, वडील आणि आई, तिघंही सांगलीत सफाईच्या कामाला. आजोबांनी डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. आईनं एका शाळेचे आणि दोन चाळींचे संडास तीस वर्षं धुतले. मी दहावीनंतर आयटीआय केलं, वेल्डिंग शिकलो, कोल्हापुरात आलो, आणि कारखान्यात कुणालाही आमचं घर कुठल्या गल्लीत आहे ते कळू दिलं नाही. हात काळे झाले तर ग्रीसनं होतील, असं ठरवलं होतं. आणि शेवटी काय, तर देशाच्या पार टोकाला येऊन मी एका बाईंचा मैला खड्ड्यात सोडत होतो. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

चार दिवसांपूर्वीचं ते पहिलंच रिकामं करणं खाली सफरचंदाच्या बागांच्या मुलखात झालं. बागवाल्यानं खड्डा दाखवला. मी तोंडाला तीन पदरी फडकं बांधलं, हातमोज्यांवर हातमोजे चढवले, नळी लावली, व्हॉल्व्ह ओढला. पाच मिनिटांचं काम. मग साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, कोपरापर्यंत धुतले. जेवायची हाक आली तेव्हा भूक नाही म्हणून सांगितलं. त्या वेळी स्वतःशी मोठ्यानं काय बडबडलो ते आठवत नाही, पण चांगलं नव्हतं एवढं नक्की.

तर त्या सकाळी मी गाडीखालून बाहेर आलो. उजाडलं होतं पण सूर्य डोंगराआड होता. सगळं खोरं निळसर पांढरं, कुठं कड नाही, कोपरा नाही. गावातल्या धुराचे दोरे सरळ वर जात होते आणि कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. हवा इतकी विरळ, की आपण चालतोय आणि आपणच दोन पावलं मागून स्वतःला बघतोय असं वाटायचं. तिथले ते दिवस मला आजही जागेपणी बघितलेल्या स्वप्नासारखे आठवतात.

"शरयूला कालपासून चक्कर येतेय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "ओठ सुकलेत, डोकं ठणकतंय. उंचीचा त्रास असणार. गाडी फिरव. खाली उतरू."

"आणि नदी? बाराच किलोमीटर राहिलीय."

"माणूस राहिलं तर नदी," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून त्यांनी उगाचच टायरवरचा बर्फ पायानं पाडला.

गाडी फिरवायच्या आधी मी गादीचं बटण बंद करायला आत गेलो. जाता जाता ओट्याजवळच्या दिव्यांकडे लक्ष गेलं. सांडपाण्याच्या टाकीचे तीन दिवे लागले होते. आमचं जेवण म्हणजे तीन ताटल्या खिचडी. एवढं पाणी आलं कुठून?

बाई खिडकीशी बसल्या होत्या, कानाला मफलर, अंगावर दोन घोंगड्या. डॉक्टर दर तासाला त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास भरून ठेवायचे. आत्ताही होता, काठोकाठ.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही पाणी पिता का?"

"म्हणजे काय! हे ठेवतात ना भरून."

"ठेवतात ते दिसतंय. पिता का?"

कॉपी पकडल्यावर पोरं वर्गात जसं बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओट्याच्या दिव्यांकडे बोट केलं. त्यांनी तिकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"शरयू?" डॉक्टर दारात उभे होते. "ओट्यात ओततेस? अगं, इथं या उंचीवर पाणी हेच औषध, किती वेळा सांगितलं मी!"

"अहो, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला याच्याशी बोलायचंय."

डॉक्टर पुटपुटत बाहेर गेले. दार पुरतं लावलं नाही.

"तू त्या दिवशी जेवला नाहीस," बाई म्हणाल्या.

"कुठल्या दिवशी?"

"सफरचंदाच्या बागेत. मी या खिडकीत होते. तुझं सगळं ऐकलं. किती वेळा हात धुतलेस ते मोजलं." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "मला वाटलं, म्हातारपणी मला नदी बघायची हौस आणि शिक्षा या पोराला. मग ठरवलं, पाणीच बंद करू, घोटभर चहा आणि खिचडीवर भागवू. मला सवय आहे रे. आमच्या शाळेत बायकांना वेगळी सोय नव्हती. पोरींच्या रांगेतला एक संडास, त्याला कडी नाही. साडेदहा ते साडेपाच मी एकतीस वर्षं पाण्याचा घोट घेतला नाही. त्यातूनच हे दुखणं लागलं. चार दिवसांचं काय एवढं!"

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला.

"म्हणजे माझ्यावर उपकार करत होता तुम्ही?" माझा आवाज चढला. "शून्याखाली वीस अंशांत चालेल अशी टाकी बांधलीय मी. ती तुम्ही उपाशी मारली. खाली जळायला आलीय ती!"

"तुला त्रास नको म्हणून..."

"कामाचा त्रास नव्हता, बाई!" आणि जे मी कारखान्यात सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते भसकन बाहेर पडलं. "माझी आई हेच करायची. शाळेचे संडास धुवायची, तीस वर्षं. त्यातून सुटायला मी वेल्डर झालो. मला तुमची घाण नाही वाटली. मला लाज वाटली. एवढ्या लांब पळालो तरी ते माझ्या मागं मागं इथवर आलं, म्हणून."

बोलून झाल्यावर मला स्वतःलाच नवल वाटलं. खाली सांगलीत हे बोलताना जीभ टाळ्याला चिकटली असती. बाई खिडकीकडे वळल्या. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती.

"कुठली शाळा?" त्यांनी विचारलं.

"सांगलीची. तुमची नव्हे."

"आमच्याही शाळेत होती एक. आम्ही यायच्या आत येऊन जायची. कधी लवकर गेले तर फाटकाशी दिसायची, बादली घेऊन निघालेली." त्यांनी बोटानं काचेवरची वाफ पुसली. "एकतीस वर्षांत मी तिचं नाव विचारलं नाही, धनराज."

'असू दे, बाई' असं म्हणायची पद्धत असते. माझ्या तोंडून ते निघालं नाही, आणि मी ते ओढूनही काढलं नाही.

मग त्या ताठ बसल्या. "मला शिकव."

"काय?"

"टाकी रिकामी करायला."

"काहीतरीच! तुम्ही नाही करायचं ते."

"का? आत असेल ते माझंच ना? हे तर गड्यासारखे बाहेर जातात, तूही बाहेर जातोस."

"व्हॉल्व्ह जड असतो."

"तू नीट बसवला असशील तर नसेल."

मी तरी म्हणालो, "बाई, तुमचं वय काय..."

"अडुसष्ट. हे बघ, सरळ सौदा आहे. तू शिकवणार असशील तर मी पाणी पिते. नाहीतर हा ग्लास असाच राहील आणि तुम्ही दोघं मला उचलून खाली न्या."

दार ढकलून डॉक्टर आत आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"शिकव रे बाबा. बेचाळीस वर्षांत मला एकदाही जिंकू दिलं नाही तिनं, तू कोण लागून गेलास!" ते पलंगावर टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं आयुष्य गुरांच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात गेलं. घरी येऊन आंघोळ केली की मी पुन्हा डॉक्टरसाहेब. तुझ्या आईला आंघोळ करून सुटता आलं नसेल."

असं ठरलं, की तो दिवस तिथंच थांबायचं. बाईंनी दिवसभर पाणी प्यायचं. उद्या सकाळपर्यंत चक्कर गेली तर वर नदीकडे, नाही गेली तर खाली मिरजेकडे.

गादीची ऊब घ्यायला आत काहीतरी हवं म्हणून मी संडासातून अर्धी बादली कोमट पाणी टाकीत सोडलं. बुडाला भाजल्याचा डाग पडला होता, पण टाकी शाबूत होती. पहिला दिवा लागायला पंधरा लिटर लागायचे.

"अर्धी बादली धनराजची," डॉक्टर म्हणाले, "बाकीची तुझी. लाग कामाला."

आणि बाई खरंच कामाला लागल्या. आधी घोटभर पाणी, थांबून आणखी घोटभर. मग मीठसाखरेचं पाणी, मग डाळीचं कढण, मग चहा. तासाभरानं उठायच्या, डॉक्टरांचा हात धरून संडासात जायच्या, तांब्याभर पाणी ओतून बाहेर यायच्या. आम्ही दोघं दारात माना वाकड्या करून दिव्यांकडे बघायचो. काही नाही. बाई म्हणायच्या, "पोरांच्या निकालाला सुद्धा मी एवढी वाट बघितली नव्हती."

दुपारी सूर्य कड्यावर आला आणि चार तास सगळं खोरं लखलखलं. गाडीच्या छतावर उजेडाच्या लाटा हलत होत्या. आम्ही ज्यांच्या शेताच्या कडेला उभे होतो त्या यांगचेनताई सातूच्या भाकऱ्या घेऊन आल्या. पन्नाशीच्या, गालांवर लाली, हसल्या की डोळे गायब. तीन माणसं संडासाच्या भिंतीकडे टक लावून का बसलीत, ते त्यांना कळेना. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, आणि त्यांच्या शेताजवळ कुठं खड्डा मिळेल का तेही विचारलं.

त्या खो खो हसायला लागल्या. त्यांच्याकडे म्हणे घरोघरी त्यासाठी वेगळी खोलीच असते. वर माणसानं बसायचं, माती नि राख टाकायची, वसंतात सगळं खाली शेतात. त्यावरच त्यांचे वाटाणे पिकतात.

"इतनी दूर से खाद लेके आए हो?" त्यांनी विचारलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "दवा तो नहीं डाली ना उसमें?"

"नहीं, ताई. एकदम शुद्ध है," डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणाले.

दुपारभर बाई बोलत राहिल्या. त्यांच्या आवाजात हळूहळू ओल येत गेली. गादीत तारा कशा असतात, किती अंशांना चालू होते, पाइपाची पट्टी वेगळी का, सगळं त्यांनी मला विचारून घेतलं आणि वहीत आकृती काढली, बाण, नावं सगळं. कारखान्यातसुद्धा माझी टाकी कुणी इतकं मन लावून बघितली नव्हती. मग त्यांनी मला नदीबद्दल सांगितलं. पाणी चार अंशांना सगळ्यात जड, म्हणून नदी वरून गोठते आणि खालून वाहत राहते.

"सातवीतल्या एका पोरीनं विचारलं होतं, बाई, नदी गोठली की तिचा आवाज कुठं जातो? मी म्हटलं, पुस्तकात नाही." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तेवढ्यासाठी यायचं होतं रे मला."

डॉक्टर बसल्याजागी डुलक्या घेत होते. मलाही पेंग येत होती. बाहेरचा पांढरा उजेड पापण्यांतून आत येत होता, आणि जागं कुठलं, झोपेतलं कुठलं, ते कळत नव्हतं. आईला आपण काय सांगणार, हा विचार मध्येच यायचा आणि विरघळून जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेवरचा बर्फ खरवडत होतो, तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. वर्गाला दरडावणारा, खणखणीत.

"लागला! अहो, लागला!"

डॉक्टर तोंडात ब्रश तसाच घेऊन धावले. मी बूट न काढता आत घुसलो. भिंतीवर सगळ्यात खालचा हिरवा दिवा मिणमिणत होता. आम्ही तिघं त्याच्यासमोर दाटीवाटीनं उभे राहिलो. नातू झाल्यावर करतात तसा डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

"चक्कर?" त्यांनी बाईंना विचारलं.

"गेली."

"डोकं?"

"हलकं आहे. चला, आता माझा सौदा."

यांगचेनताईंचा खड्डा शेताच्या बांधाला होता. मी गाडी मागं घेतली. बाईंनी माझे हातमोजे चढवले, ते त्यांना कोपरापर्यंत आले. तोंडाला फडकं देऊ लागलो तर नको म्हणाल्या.

"आधी नळी लावा. ते कडं उजवीकडं फिरवा. अजून. टक असा आवाज आला पाहिजे."

"आला."

"आता हा दांडा. धसमुसळेपणा नको, सरळ आपल्याकडं ओढायचा."

त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, डोळे मिटले आणि ओढला. व्हॉल्व्ह लोण्यासारखा सरकला. नळीत गडगड झाली, खड्ड्यातून वाफेचा लोट वर आला. पलीकडचं टोक डॉक्टरांनी धरलं होतं. यांगचेनताई घमेल्यातून राख टाकत होत्या.

"वास फारसा नाही रे," बाई म्हणाल्या.

"थंडीत नसतो."

"संपलं?"

"संपलं. दांडा आत ढकला. आता तांब्याभर पाणी सोडून नळी धुवायची."

मी नुसता उभा होतो, हात खिशात. मला करायला काही उरलं नव्हतं. आमच्या तीन पिढ्यांत हे काम चाललेलं असताना आमच्यापैकी कुणी असं हात खिशात घालून शेजारी उभं राहिलं नसेल. डोळ्यांत पाणी आलं, ते मी थंडीवर ढकललं.

बाईंनी हातमोजे काढले. मी शेगडीवरचं कोमट पाणी तांब्यात आणलं आणि त्यांच्या हातावर घातलं. त्यांनी साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत चोळला, मी पुन्हा पाणी घातलं. मग त्यांनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

"आता तू."

"माझे कशाला? मी कुठं काय केलं!"

"पुढं कर."

मी हात पुढं केले. त्यांनी सावकाश, धार न तुटू देता पाणी घातलं. मग तांब्यात राहिलेलं पाणी स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं.

दुपारी आम्ही नदीवर पोचलो. काठापासून काठापर्यंत पांढरी, हिरवट भेगा पडलेली. डॉक्टर आणि मी काठावर उभे राहिलो. बाई खडकाला धरून गुडघ्यांवर बसल्या, मफलर सोडला आणि बर्फाला कान लावला. किती वेळ तशाच होत्या कोण जाणे.

"आहे," त्या म्हणाल्या. "आवाज खालीच आहे. कुठं गेला नाही."

आम्हीही कान लावला. लांब कुणीतरी बोलत असावं तसं पाणी आत बोलत होतं. तिघं ओळीनं ओणवे पडून ऐकत राहिलो. मग बाई हळूच म्हणाल्या, "अहो, मला जायचंय," आणि आम्ही हसत सुटलो. त्या गाडीत जाऊन आल्या, पुन्हा नदीपाशी बसल्या. दोन तासांत चारदा गेल्या आणि चारदा आल्या.

सांगलीला परतलो तेव्हा आई अंगणात मेथी निवडत बसली होती. पोरगा बर्फाच्या मुलखात गाडी घेऊन गेलाय, एवढंच तिला माहीत. टाकीचं मी तिच्यापासून लपवलं होतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. बागेतलं, बाईंना बोललो ते, दिव्याचं, खड्ड्याचं. ती खाली मान घालून ऐकत होती.

"त्या बाईनं सोताच्या हातानं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् तू काय केलंस?"

"उभा होतो."

आईला हसू आलं. पाच-सहा काड्या खुडून झाल्यावर म्हणाली, "मग हातावर पानी कुनी घातलं तिच्या?"

"मी. कोमट करून."

"ब्येस केलंस."

"मग तिनं तांब्या घेतला आणि माझ्या हातावर घातलं."

आईची बोटं मेथीत थांबली.

"तुझ्या हातावर? तिनं?"

"व्हय."

तिनं हातातली जुडी बाजूला ठेवली. "तीस वर्सं," ती म्हणाली. "काम झालं की शाळंचा नळ बंद असायचा. घरला येऊन मी हात धुवायची. असं कुनी घातलं न्हाई बघ." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस किती पडला हे सांगावं तसं सांगत होती ती.

मी उठलो. बंबातलं गरम पाणी तांब्यात काढलं, विसण घालून कोमट केलं आणि तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"आत्ता कशाला रं?" आई म्हणाली. "हात सवच्छ हायेत माझं."

"असू देत."

तिनं पदरावरची मेथीची पानं झटकली आणि दोन्ही हात पुढं केले.